पादबल आणि पादस्थैर्य : मोजल्यावाचून बोलू नये

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात पादाभ्यंगाचे गुण वर्णिले आहेत. पायांची खरखर, ताठरता, रूक्षता, थकवा आणि बधिरता पादाभ्यंगाने शमते असे सांगितल्यावर, पायांना होणाऱ्या लाभांत आचार्य बल आणि स्थैर्य असे दोन शब्द स्वतंत्रपणे योजतात. आपण मात्र हे दोन्ही शब्द इतकी वर्षे एका दमात उच्चारीत आलो आहोत की, ते दोन आहेत याचेच आपणांस विस्मरण झाले आहे. पायात बल आहे म्हणून माणूस स्थिर उभा राहीलच असे नाही. आणि स्थिर उभा दिसणारा माणूस बलवान पायांवरच उभा आहे असेही नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीच्या रुग्णांत हा भेद फार ठळकपणे दिसतो. वैद्याने तो ओळखला नाही, तर त्याचे फळ रुग्णाला भोगावे लागते.

हे लिहिण्याचे निमित्त आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे. म्हणून प्रथम तीच सांगतो.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी चौतिशीतील एक शिक्षिका आमच्याकडे चिकित्सेसाठी आल्या. न्यूरॉलॉजिस्टनी एम.आर.आय. करून निदान निश्चित केलेले होते आणि त्यांची औषधेही चालू होती. चालताना डावा पाय किंचित घासत असे, जिना उतरताना कठड्याचा आधार लागे आणि हाती सदैव काठी असे. आम्ही अभ्यंग, मृदु स्वेदन आणि बस्तिक्रम योजला. क्रम पूर्ण झाल्यावर बाईंना हलके वाटू लागले, थकवा उणावला. आम्ही त्यांना टेबलावर निजवून तळपायाला हात लावला आणि पाय खाली दाबावयास सांगितले. पाय जोराने दाबला गेला. दुसऱ्या पायाचेही तसेच. आम्ही केसपेपरवर ‘पादबल उत्तम’ असे लिहिले आणि, आज लिहितानाही संकोच वाटतो, ‘घरातल्या घरात आता काठीची आवश्यकता नाही’ असे सांगून मोकळे झालो.

तीन आठवड्यांनी रात्री वीज गेलेली असताना त्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. त्यांच्या यजमानांनी आम्हाला दोष दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “डॉक्टर, बरे वाटत होते हे खरे, पण नेमके किती बरे झाले होते?” या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या कागदावर आरंभीचा एकही आकडा नव्हता, आणि जो शेरा आम्ही मारला होता तो कसा चुकीचा होता, हे आम्हाला पुढे अभ्यास केल्यावर कळले.

व्याधी आणि तोल

मल्टिपल स्क्लेरोसिसचे सविस्तर वर्णन फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ साली केले. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील तंतूंवरचे मायलिनचे आवरण शरीराच्याच रोगप्रतिकारशक्तीकडून ठिकठिकाणी नष्ट होते आणि त्या तंतूंतून जाणारे संदेश मंदावतात किंवा अडतात. कोणाची दृष्टी अंधुक होते, कोणाचे पाय जड होतात, कोणाला तळव्याखाली कापूस असल्यासारखे वाटते. आपल्या संहितांत या नावाचा व्याधी नाही. कोणी वैद्य त्यास मज्जागत वात मानतात, कोणी आवरणजन्य वातव्याधी, तर कोणी लक्षणानुसार खंज, पंगु, कलायखंज यांच्याशी त्याचे साम्य पाहतात. प्रत्येक विकाराला ठराविक नाव असतेच असे नाही आणि नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, असे चरकाचार्यांनीच सांगून ठेवले आहे. तेव्हा नामकरणाचा वाद येथे लांबवीत नाही. नाव सांगता न येणे क्षम्य आहे. अवस्था सांगता न येणे क्षम्य नाही, असे आमचे मत आहे.

उभ्या माणसाचा तोल तीन वाटांनी येणाऱ्या ज्ञानावर अवलंबून असतो : डोळे, अंतःकर्णातील तोलाचे इंद्रिय आणि तळपाय-घोटे यांतून वर जाणारी संवेदना. या तिन्हींचा मेळ लहान मेंदू आणि त्याच्याशी निगडित केंद्रे घालतात आणि मग आज्ञा खाली स्नायूंपर्यंत पोहोचते. या कारभारात पाऊल हा अखेरचा अंमलदार आहे. उभे असताना शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो. त्यामुळे पोटरीचे स्नायू अखंड जागे राहून शरीराला पुढे कोसळू देत नाहीत. चवडा वर उचलणारे स्नायू दुर्बळ झाले की पायाचे बोट उंबऱ्याला, सतरंजीच्या काठाला अडते. घोटा आत-बाहेर वळविणारे स्नायू बाजूचा झोक सावरतात, आणि शरीर फार पुढे झुकले की बोटे जमीन धरू पाहतात. या साखळीतील कोणताही दुवा निखळला तरी तोल जातो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तर एकाच वेळी अनेक दुवे झिजलेले असू शकतात.

म्हणूनच पादबल मोजावे, पण तेवढ्यावर थांबू नये. अमेरिकेतील ओरेगॉन येथील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या रुग्णांच्या तोल जाण्याचा संबंध मज्जारज्जूतून वर जाणाऱ्या संवेदनेच्या मंदगतीशी असल्याचे दाखविले. म्हणजे स्नायू सशक्त असूनही तळव्याची वार्ता वर उशिरा पोहोचली तर सावरण्याची आज्ञाही उशिराच सुटते. आमच्या रुग्णेचे असेच झाले असावे. दिवा असेपर्यंत डोळे तळव्यांचे काम करीत होते. दिवा गेला आणि तोही आधार गेला.

हाताने दाबून पाहण्यातील दोष

स्नायूंचे बल शून्य ते पाच या श्रेणीत लिहिण्याची पद्धत आपण सर्वांनी महाविद्यालयात शिकली आहे. ती उपयुक्त आहे, परंतु तिची मर्यादा आपण विसरतो. पोटरीचा स्नायू रोज संपूर्ण शरीराचे वजन एका चवड्यावर उचलतो. त्याच्याशी वैद्याच्या हाताने झुंज घ्यावी हे विषम युद्ध आहे. पोटरीचे बल पुष्कळ घटलेले असले तरी आमचा हात हरतोच आणि आम्ही ‘पाचपैकी पाच’ लिहितो. शिवाय ‘चार’ या एका अंकात इतका मोठा टप्पा सामावलेला आहे की, रुग्ण बराच सुधारला किंवा बराच खालावला तरी अंक तोच राहतो. जॉन कुर्त्झके यांनी १९८३ साली मांडलेली शून्य ते दहा ही अपंगत्वाची श्रेणी जगभर वापरली जाते. पण तिच्या मधल्या पायऱ्या मुख्यतः किती चालता येते आणि आधार लागतो का, यावर ठरतात. घोट्यातील लहानसा फेरफार तीत उमटत नाही. आपली चिकित्सा तर बहुधा अशाच लहान फेरफारांविषयी बोलत असते.

काय मोजावे, कसे मोजावे

परदेशी प्रयोगशाळांत यासाठी महागडे डायनॅमोमीटर आणि भारमापक पाट असतात. आपल्या दवाखान्यात ते नसले तरी अडत नाही. आम्ही गेली काही वर्षे पुढील मोजमापे करीत आलो आहोत. त्यांस भिंत, घड्याळ, फीत, सामानाचे वजन करण्याचा हातकाटा, कागदाची पट्टी आणि १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क एवढीच सामग्री लागते.

पहिले, टाच उचलणे. रुग्णाने भिंतीला केवळ बोटे टेकवून एका पायावर उभे राहावे, गुडघा सरळ ठेवावा आणि टाच पूर्ण वर उचलून खाली टेकवावी. किती वेळा पूर्ण उंचीपर्यंत उचलली ते मोजावे. निरोगी तरुण माणसाकडून सुमारे पंचवीस वेळांची अपेक्षा धरतात. वयानुसार ती कमी होते. गुडघा वाकला, हातावर भार आला किंवा उंची निम्मी झाली की मोजणे थांबवावे. दोन्ही पायांचे आकडे वेगळे लिहावेत, कारण या व्याधीत दोन पायांतील तफावत हीच पुष्कळदा मोलाची खूण असते.

दुसरे, चवडा वर ओढण्याचे बल. रुग्णाला खुर्चीत बसवून चवड्याभोवती रुंद पट्टा बांधावा, पट्टा हातकाट्याच्या आकड्यात अडकवावा आणि काट्याचे दुसरे टोक खाली पक्के बांधावे. टाच जमिनीवर ठेवून चवडा वर ओढावयास सांगावे आणि किलो लिहून घ्यावेत. तीन वेळा करून सर्वांत मोठा आकडा घ्यावा. पट्टा घोट्यापासून किती अंतरावर बांधला हे फितीने मोजून लिहिणे अत्यावश्यक आहे. दोन बोटे पुढे-मागे झाले तरी आकडा बदलतो आणि आपण त्यास औषधाचा गुण समजतो.

तिसरे, अंगठ्याची पकड. अंगठ्याखाली जाड कागदाची पट्टी ठेवून रुग्णाने ती दाबून धरावी आणि आपण हळूहळू ओढावी. पट्टी सुटते की टिकते ते दोन्ही बाजूंस पाहावे. ही परीक्षा कुष्ठरुग्णांच्या पावलातील लहान स्नायूंचे दौर्बल्य ओळखण्यासाठी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीसारखीच आहे. रोग निराळा असला तरी पाऊल तेच आहे.

चौथे, स्थैर्य. पाय जुळवून डोळे उघडे, पाय जुळवून डोळे मिटून, एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून आणि शेवटी एका पायावर, अशा चार स्थितींत रुग्ण किती सेकंद उभा राहतो ते मोजावे. तीस सेकंद झाले की थांबवावे. डोळे उघडे आणि मिटलेले यांतील अंतर विशेष लक्षपूर्वक पाहावे. आम्ही आमच्या रुग्णेची ही एकच परीक्षा केली असती तर काठी सोडण्याचा सल्ला आमच्या तोंडून निघाला नसता.

पाचवे, पंचवीस फूट, म्हणजे ७.६२ मीटर, अंतर सुरक्षितपणे पण शक्य तितक्या वेगाने चालण्यास लागणारा वेळ. यात वीस टक्क्यांहून कमी फरक पडला तर तो नित्याचा चढउतार समजावा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

सहावे, अंगठ्याच्या हाडावर आणि घोट्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवून कंपनाची जाणीव कितपत होते ते पाहावे.

या परीक्षांस अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. मात्र सुरक्षिततेत कसूर नको. रुग्णाला दोन भिंतींच्या कोपऱ्यात उभे करावे, पुढे खुर्ची ठेवावी, शेजारी साहाय्यक असावा. अभ्यंगानंतर तेल लागलेल्या पायांनी उभे करू नये. हे लिहावे लागते, कारण हा प्रकार आम्ही पाहिला आहे.

आकड्यांचा अर्थ

बल उणे आणि स्थैर्यही उणे असेल तर बलवर्धनास वाव आहे; फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम आणि त्यास पूरक चिकित्सा योजावी. बल चांगले परंतु डोळे मिटताच तोल जात असेल तर दोष संवेदनेच्या वाटेत आहे. अशा रुग्णाला पायाची शक्ती वाढवून फारसे साधत नाही. रात्रीचा दिवा, न्हाणीघरातील कठडा आणि काठी हीच त्याची प्रथम चिकित्सा होय. डोळे उघडे असतानाही पाय फाकवून, डोलत उभा राहणारा रुग्ण लहान मेंदूच्या विकाराकडे बोट दाखवितो.

आणखी एक प्रसंग सावधपणे हाताळण्याचा आहे. पुष्कळ रुग्णांच्या पोटऱ्या ताठलेल्या असतात. हा स्तंभ बलासारखा भासतो, आणि कित्येकदा दुर्बळ पायाला तोच खुंटीसारखा आधार देत असतो. ताठरपणा उतरविणाऱ्या आधुनिक औषधांनी काही रुग्णांचे उभे राहणे बिघडते, हे सर्वज्ञात आहे. स्नेहन-स्वेदनाने स्तंभ सैलावला तर तेच होणार नाही, असे मानण्यास आधार नाही. पाय मऊ झाला म्हणून आनंद मानण्यापूर्वी त्याच पायावर रुग्ण किती सेकंद उभा राहतो ते पाहावे.

स्वेदनाविषयी

१८९० साली विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने असे नोंदविले की, श्रम झाल्यावर या रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते. यामागे शरीराचे तापमान वाढणे हे कारण असल्याचे पुढे ध्यानात आले. एके काळी तर उष्ण पाण्यात बसवून लक्षणे वाढतात का हे पाहण्याची परीक्षाही निदानासाठी करीत असत. वातव्याधी म्हटला की बाष्पस्वेदन, हा आपला हात आपोआप वळण्याचा मार्ग आहे. या व्याधीत तो तारतम्याने घ्यावा. पेटीतून बाहेर आलेल्या रुग्णाचे पाय लटपटत असतील तर ते दोष निघून जाण्याचे लक्षण न समजता उष्णतेचा परिणाम समजावा, रुग्णाला लगेच उभे करू नये आणि पुढील वेळी स्वेदन सौम्य किंवा एकांग करावे. मोजमापेही म्हणूनच नेहमी स्वेदनापूर्वी, दिवसाच्या ठराविक वेळी आणि शक्यतो सकाळी घ्यावीत. दुपारनंतर थकव्यामुळे त्याच रुग्णाचे आकडे निराळे येतात.

श्रेय घेण्यापूर्वी

या व्याधीचा एक स्वभाव असा की, बहुसंख्य रुग्णांत आरंभी झटके येतात आणि काही आठवड्यांनी ते आपोआप, पूर्ण वा अपूर्ण, ओसरतात. झटक्यानंतर आलेला रुग्ण आपल्या हाती सुधारला, तर त्यातील किती वाटा निसर्गाचा, किती न्यूरॉलॉजिस्टच्या औषधांचा, किती व्यायामाचा आणि किती आपला, हे एका मोजमापाने ठरत नाही. यास्तव चिकित्सेपूर्वी आठवड्याच्या अंतराने दोनदा मोजावे. कारण पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी रुग्ण केवळ सरावानेही अधिक चांगले करतो. नंतर दर तीन महिन्यांनी मोजावे. आकडे अकस्मात खालावले तर नवा झटका असू शकतो. बस्ती वाढवीत न बसता त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवावे. आणि त्यांची चालू औषधे आपल्या सल्ल्याने कोणीही बंद करू नयेत, हे आम्ही येथे स्पष्ट शब्दांत नोंदवितो.

औषधी-निर्माते आणि विक्रेते बंधूंसही एक विनंती आहे. ‘नसांना बळ’, ‘पायांना नवी शक्ती’ अशा शब्दांची पत्रके आपल्या दुकानांतून वाटली जातात. मज्जासंस्थेच्या विकारांवरील औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने बंदी आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. पण कायद्याची भीती बाजूस ठेवली तरी प्रश्न उरतोच : बळ म्हणजे किती किलो, आणि कोणत्या स्नायूचे? ज्या तेलाचा आपणांस अभिमान आहे, त्या तेलासाठी चार वैद्यांकडून अशी मोजमापे मागवा. आकडा वाढला नाही तर तेही आपणांस कळेल, आणि ते कळणे पत्रकाच्या छपाईपेक्षा मोलाचे आहे.

आक्षेप

आमचे काही ज्येष्ठ स्नेही म्हणतात, काट्याने आणि घड्याळाने मोजणे ही आपली परंपरा नव्हे. आम्ही त्यांस नम्रतेने विमानस्थानाच्या आठव्या अध्यायाचे स्मरण देतो. तेथील दशविध परीक्षेत प्रमाण ही स्वतंत्र परीक्षा आहे आणि तीत पावलाची उंची चार, रुंदी सहा आणि लांबी चौदा अंगुले अशी मोजून दिली आहे. व्यायामशक्ती ही आणखी एक परीक्षा, आणि ती माणसाच्या कर्म करण्याच्या सामर्थ्यावरून ओळखावी असे तेथेच म्हटले आहे. एका पायावर टाच किती वेळा उचलता येते, हे कर्मावरून शक्ती ओळखणे नव्हे तर काय? ज्या आचार्यांनी पाऊल अंगुलांनी मोजले, त्यांच्या शिष्यांनी पावलाचे बल अंदाजाने लिहावे, यात परंपरेचा सन्मान नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. गर्दीच्या दवाखान्यात अर्धा तास कोठून आणावा? आमचे उत्तर असे की, हे रुग्ण संख्येने थोडे असतात आणि वर्षानुवर्षे आपल्याकडे येत राहतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या व्याधीचा नामनिर्देश आहे. प्रमाणपत्र देणारे आपण नसलो, तरी आपल्या केसपेपरवरील सुसंगत नोंदी रुग्णास शासकीय तपासणीच्या वेळी आपली अवस्था मांडण्यास उपयोगी पडू शकतात. ‘वाताचे दौर्बल्य’ एवढ्या शेऱ्याने ते साधत नाही.

आमची सूचना अशी की, संघटनेने वर सांगितलेल्या सहा परीक्षांचा एकपानी तक्ता छापून सभासदांस द्यावा, आणि या व्याधीवरील अनुभवलेख या त्रैमासिकात स्वीकारताना चिकित्सेपूर्वीचे दोन आणि नंतरचे किमान दोन आकडे असल्याखेरीज ते छापू नयेत. जेथे गुण आला नाही ते लेखही तितक्याच आदराने छापावेत.

त्या शिक्षिका मनगट जुळल्यावर पुन्हा आमच्याकडे आल्या, हा त्यांचा मोठेपणा. त्या वेळी आम्ही प्रथमच मोजले. टाच उजव्या पायाने एकोणीस वेळा उचलली गेली, डाव्याने सहा वेळा. पाय जुळवून, डोळे मिटून त्या आठ सेकंद उभ्या राहिल्या. तीन महिन्यांच्या चिकित्सेनंतर आणि फिजिओथेरपिस्टनी नेमून दिलेल्या व्यायामानंतर डावा पाय अकरा वेळा उचलला गेला. डोळे मिटून उभे राहणे मात्र नऊ सेकंदच राहिले. बल वाढले होते, स्थैर्य जेथल्या तेथे होते. यांतले आमचे किती आणि व्यायामाचे किती हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु यजमानांच्या प्रश्नाला या वेळी आमच्याजवळ उत्तर होते. आम्ही सांगितले, डावा पाय पूर्वीहून अधिक उचलतो. अंधारात मात्र तोल पूर्वीइतकाच जातो. तेव्हा काठी राहू द्या आणि न्हाणीघरात वीज गेली तरी जळेल असा दिवा लावा.

त्यांनी दिवा लावला. त्यानंतर आजवर त्या पडलेल्या नाहीत.